बत्तीस नंबरची प्लेट

माझा चष्मा सध्या यवतमाळ जिल्ह्यात, सावरटेक नावाच्या गावच्या नाल्यात कुठेतरी आहे. त्यामुळे परतीचा सगळा रस्ता मला धूसर दिसला, आणि त्याचं वर्णन केलं तर ते खोटं ठरेल. जातानाचा प्रवास मात्र डोळे चांगले उघडे ठेवून केला होता. निघण्याआधी पुण्यात तिघांनी विचारलं, "यवतमाळला? तिथे पाहायला काय आहे?" तिघेही सिंगापूरला दोनदा जाऊन आलेले. हे लिहिते आहे ते मुख्यतः त्यांच्यासाठी.

माझी पस्तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामात गेली. निवृत्तीनंतर गप्प बसायचा स्वभाव नाही, म्हणून पुण्यातल्या काही मंडळींचं एक काम घेतलं आहे. ही मंडळी आपली शिल्लक एकत्र करून लहान पाणीयोजनांमध्ये गुंतवतात. मोठ्या धरणांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण देशभर गावोगाव बांधलेले छोटे बंधारे दुरुस्तीवाचून पडले आहेत. त्यांत थोडा पैसा घातला तर गावाला दुसरं पीक मिळतं आणि पाणीपट्टीतून तो पैसा सावकाश परतही येतो. मी आधी जाऊन पाहायचं आणि 'घाला' की 'घालू नका' एवढंच सांगायचं. 'नको' म्हणायला मला कधी जड जात नाही.

सावरटेकचा अर्ज असा होता. गावच्या नाल्यावर एक जुना कोल्हापुरी बंधारा आहे, त्याची डावी बाजू ढासळते आहे, ती दगडाने आणि काँक्रीटने बांधून द्यावी. सौर पंप बसवून पाणी टेकावरच्या कोरडवाहू शेतांपर्यंत न्यावं. म्हणजे कापूस-सोयाबीन-तुरीवर थांबणाऱ्या शेतांत हरभरा आणि गहूही येईल. अर्ज नीटनेटका होता, आणि नीटनेटक्या अर्जांवर माझा विश्वास नसतो.

पुसद

नवरात्राची दुसरी माळ होती. पुसदला उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि बसस्टँडसमोरच्या हॉटेलात लोक पोह्यांवर लालभडक तर्री ओतून घेत होते. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरतात आणि वर लिंबाची फोड ठेवून त्याला नाश्ता म्हणतात. इथे पोहे हे तर्री खाण्याचं निमित्त आहे. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्याला नाकातून, आणि मी दुसरी प्लेट मागवली.

जीपवाले नंदू राठोड तिथेच भेटले. पन्नाशीचे, शांत, गाडी हळू चालवणारे गृहस्थ. घरच्या फोनवर ते बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत आणि फोन ठेवल्यावर मला त्याचा सारांश सांगत. तो मी विचारलेला नसे.

"याडी म्हणते, पाऊस गेला नाई अजून," ते म्हणाले. याडी म्हणजे आई. "तिचे गुडघे ठनकून राह्यले."

"हवामान खातं काय म्हणतं?"

"त्याइचे गुडघे कोठं हायेत, मॅडम?"

मी हवामानाचा विषय सोडला आणि जीपमध्ये बसले.

माझा एक नियम आहे. गावाला दिवस कळवायचा नाही. कळवला की गाव रंगवलेलं मिळतं. यावेळी मात्र पुण्याच्या कार्यालयातून कुणीतरी उत्साहाने पत्र पाठवून तारीख आधीच कळवली होती. हे मला पुसदला समजलं आणि माझं डोकं तापलं. नंदूभाऊंनी आरशातून पाहिलं आणि गाडीतली भक्तिगीतं बंद केली.

फुलसावंगीच्या वाटेवर

रस्ता सागाच्या टेकड्यांमधून वरखाली होत जातो. सागाला तुरे आले होते. टेकड्या संपल्या की काळी जमीन सुरू होते, आणि काळी म्हणजे खरोखर काळी. आमच्या मुळशीकडची तांबडी माती पाहिलेल्या माणसाला ती ओली नसतानाही ओली वाटते. कपाशीला बोंडं धरली होती, क्वचित एखादं फुटून पांढरं दिसत होतं. तूर हिरवीगार उभी होती आणि सोयाबीन पिवळं पडून सोंगणीला आलेलं. जिथे पाहावं तिथे माणसं वाकलेली, बाजूला शेंगांचे ढीग आणि त्यांवर झाकायला निळी ताडपत्री तयार. ताडपत्री तयार ठेवणारे लोक हवामान खात्यापेक्षा नंदूभाऊंच्या आईच्या बाजूचे होते.

फुलसावंगीला चहा घेतला. मोठं, गजबजलेलं गाव. तिथून आत वळलं की रस्ता अरुंद होतो आणि अर्ध्या तासात सावरटेक येतं. ओळीने कौलारू आणि पत्र्याची घरं, मारुतीचं देऊळ, देवळावर भोंगा, आणि गावाखालून वाहणारा नाला.

वेशीवर गजाननभाऊ हार-नारळ घेऊन उभे होते. पाणीवापर समितीचे अध्यक्ष, पंचावन्नच्या आसपासचे, इस्त्रीचा सदरा आणि जुनी टोपी.

"या मॅडम, या. पहिले पानी पाहा, मंग चहा घेऊ."

मी हार हातात घेतला, गळ्यात घालू दिला नाही, आणि बंधाऱ्याकडे चालू लागले.

सावरटेक, पहिला दिवस

पाणी सुंदर दिसत होतं, हे आधी मान्य करते. बंधाऱ्याच्या मागे अर्धा-पाऊण किलोमीटर नाला काठोकाठ भरलेला, वर आभाळ, काठाला काशाच्या गवताची पांढरी फुलं. दुसरं कुणी असतं तर फोटो काढून मोकळं झालं असतं. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न होता की या दिवसांत इथे पाणी भरलेलं असेलच कसं.

न पाहिलेल्यांसाठी सांगते. कोल्हापुरी बंधारा म्हणजे नाल्यात ओळीने उभे केलेले दगडी खांब. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. पावसाळ्यात सगळे गाळे मोकळे ठेवायचे, म्हणजे पूर आला तरी निघून जातो. पाऊस संपला की गाळ्यांमध्ये लोखंडी पाट एकावर एक बसवायचे आणि मागे राहिलेलं पाणी अडवायचं. खात्यात आम्ही त्यांना बर्गे म्हणत असू, गावात सगळे प्लेट म्हणतात. सावरटेकच्या बंधाऱ्याला आठ गाळे आहेत आणि एका गाळ्यात चार प्लेटा. साधं तंत्र, त्यात अवघड एकच. प्लेटा फार उशिरा बसवल्या तर पाणी वाहून गेलेलं असतं. फार लवकर बसवल्या आणि परतीचा पाऊस आला, तर पुराला वाट मिळत नाही, तो बंधाऱ्याला बगल देऊन काठ कापत शेतात शिरतो. बंधारा उभा राहतो आणि शेजारचं शेत जातं. असे बंधारे मी डझनाने पाहिले आहेत.

"प्लेटा कधी टाकल्या?" मी विचारलं.

"झाले असतीन चार-पाच रोज," गजाननभाऊ म्हणाले.

"दरवर्षी नवरात्र बसायच्या आधी टाकता?"

त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि पुन्हा घातली.

"यंदा जराशा लवकर टाकल्या."

पाणी गढूळ होतं. म्हणजे वरून अजून माती येत होती, नाला निवळलेला नव्हता. डाव्या काठाला मातीत ताजी भेग होती. भेगेपलीकडे कपाशीचं शेत होतं आणि त्यात एक बाई अनवाणी उभ्या राहून आमच्याकडे पाहत होत्या. हसल्या नाहीत, हातही जोडले नाहीत. मला त्या एकदम आवडल्या.

इंदुबाईंची ओसरी

त्या इंदुबाई. साठीच्या, तीन एकर एकटीने पाहणाऱ्या. मुलगा पुसदच्या बाजारात कामाला. जेवणाला त्यांच्याच घरी नेलं. त्यांचे नऊ दिवसांचे उपास चालू होते, पायांत चपला नव्हत्या, आणि स्वतः भगर खायची असताना त्यांनी माझ्यासाठी ज्वारीची भाकर, पातोडीचा रस्सा आणि ठेचा केला होता. पातोड्या म्हणजे बेसनाच्या वड्या झणझणीत रश्शात सोडलेल्या. पुण्यात मी तिखट खाणारी म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे मी तिसऱ्यांदा पाणी मागितल्यावर इंदुबाईंनी तांब्याच माझ्याजवळ आणून ठेवला.

जेवताना ओसरीच्या भिंतीवर नजर गेली. चुन्याच्या भिंतीला गंजाचा एक मोठा चौकोन उमटला होता, त्याच्यावर हळदीकुंकवाचे जुने डाग आणि खाली खडूने '२९'.

"हे काय?"

"माह्या प्लेटची जागा," इंदुबाई म्हणाल्या. "पावसायात ते इथंच राह्यते."

आणि मग मला जे कळलं ते पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुठे कळलं नव्हतं. बंधाऱ्याच्या पाण्यावर शेत असलेली घरं बत्तीस, प्लेटाही बत्तीस. पावसाळ्यात प्लेटा कुठल्या खोलीत कुलपात ठेवत नाहीत, घरोघर वाटून देतात. एकाच्या घरी ती शेळ्यांच्या गोठ्याचं दार होते, दुसऱ्याच्या घरी तिच्यावर मिरच्या वाळतात. खंडेनवमीला विळा, वखर, पास यांच्याबरोबर प्लेटही धुऊन पुजायची. कोजागिरीला प्रत्येक घराने आपली प्लेट दोघांच्या खांद्यावर नाल्यावर न्यायची, रबर आणि वंगण लावायचं आणि आपल्या जागी बसवायची. दुसऱ्याच्या प्लेटेला हात लावायचा नाही. ज्याची प्लेट आली नाही त्याची जागा मोकळी राहते, तिच्यातून पाणी वाहताना सगळ्या गावाला दिसतं, आणि त्या घराला आठवडाभर तोंड वर काढता येत नाही.

आमच्याकडे ठेकेदाराने बर्गे विकून खाल्ले म्हणून मी किती चौकशा केल्या असतील. इथे एक प्लेट हरवलेली नव्हती.

"मग यंदा नवमीच्या आधी कशा गेल्या?"

इंदुबाईंनी भाकर उलटली. "तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"पत्र आलं ना. पुन्याच्या बाई पानी पाहाले येऊन राह्यल्या, पैसे देनार हायेत. नाला रिकामा पाहून कोन देईन? गजाननभाऊ म्हने, पाहुन्याले भरलेलं दाखवाचं. मी म्हनलं, पुजा नाई झाली, पाऊस गेला नाई, कायले घाई करता? पन बत्तीस घरात मी एकटीच नाई म्हनत होती. शेवटी मीबी नेली. माही नेली नसती तं मीच गाव बुडवलं असं झालं असतं."

त्यांची प्लेट आठव्या गाळ्यात, सगळ्यांत खाली. आठवा गाळा डाव्या काठाला, त्यांच्याच शेताला लागून. पूर आला तर पहिलं जाणार ते त्यांचं शेत.

मला राग आला आणि लाजही वाटली. राग गजाननभाऊंचा. लाज याची, की गेली कित्येक वर्षं भरलेलं पाणी पाहून 'घाला' आणि रिकामा नाला पाहून 'नको' म्हणणारी माणसं आम्हीच. त्यांनी आम्हाला बरोबर ओळखलं होतं.

संध्याकाळी गजाननभाऊंना सांगितलं, उद्या सकाळी प्लेटा काढा. ते म्हणाले, "दोन रोज राहू द्या मॅडम, फोटो तं होऊ द्या." मी फोटो काढला नाही. मात्र प्लेटा त्याच क्षणी काढा असा आग्रहही धरला नाही, आणि ही चूक माझी.

दुसरा दिवस

दुपारी दोनचा सुमार. मी समितीच्या लोकांबरोबर टेकावर पाइपाची रेघ कुठून जाईल ते पाहत होते. ऊन कडक होतं, वर ढगाचा ठिपका नव्हता. पण वायव्येला, नाला जिथून येतो त्या डोंगरांवर आभाळ काळंभोर झालं होतं. गजाननभाऊंचा फोन वाजला. वरच्या गावचे त्यांचे साडू होते. त्यांनी ऐकलं, फोन खिशात ठेवला आणि उताराने पळत सुटले. इस्त्रीचा सदरा काट्यात अडकून फाटला तरी थांबले नाहीत.

पाच मिनिटांत देवळाचा भोंगा बोलू लागला.

"नाल्याले पूर येऊन राह्यला. आपापली प्लेट. आपापली प्लेट."

सोयाबीन तसंच टाकून माणसं धावत आली. प्रत्येकाच्या हातात प्लेट ओढायचा आपला लोखंडी आकडा. बंधाऱ्याच्या खांबांवरून जाणारी फूट-दीड फुटाची वाट आहे, तीवर सगळे ओळीने उभे राहिले. मी ओरडले, "आधी मधले गाळे, मग कडेचे." धार मध्ये राहिली की काठ वाचतो. गजाननभाऊंनी हात वर करून तसंच सांगितलं. गाळ्यातली वरची प्लेट निघाल्याशिवाय खालची निघत नाही, त्यामुळे वरची घरं आधी, खालची नंतर. कुणालाही सांगावं लागलं नाही. नवऱ्याच्या जागी बायको, बापाच्या जागी सून, पण आकडा त्याच घरच्या माणसाच्या हातात. दोरी लावून ओढायला शेजारी. चौथा गाळा मोकळा झाला, पाचवा, तिसरा, सहावा. वरून गढूळ पाणी काड्या-फांद्या घेऊन चढत होतं आणि मोकळ्या गाळ्यांतून धाडधाड उतरत होतं.

सात गाळे निघाले. आठवा निघेना.

आठव्यातली सर्वांत वरची प्लेट बत्तीस नंबरची. ते घर मुलाच्या नोकरीपायी दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेलेलं. दोन वर्षं ती जागा मोकळीच राहिली होती, गावाने एका प्लेटेएवढं पाणी कमी भरलं पण दुसऱ्या कुणाची प्लेट तिथे लावली नाही. यंदा पाणी काठोकाठ दिसावं म्हणून गजाननभाऊंनी ती त्या बंद घराच्या पडवीतून आणून स्वतः बसवली होती. रबर सुटलेलं, वंगण नाही, घणाने ठोकून तिरकी घातलेली. आता तिच्या खाली तीन प्लेटा अडकल्या होत्या, आणि त्यांतली तळची इंदुबाईंची.

गजाननभाऊंनी आकडा लावून ओढलं. हलली नाही. चौघांनी ओढलं. डाव्या काठाची भेग रुंद झाली आणि बैलगाडीएवढं मातीचं ढेकूळ पाण्यात बसलं. त्याच्यावर कपाशीची तीन झाडं उभीच्या उभी गेली.

इंदुबाई वाटेवर माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या शेताकडे पाहत नव्हत्या, प्लेटेकडे पाहत होत्या.

"वाकडी हाय," त्या म्हणाल्या. "वर ओढून नाई निंघत. पहिले खाली ठोका."

त्यांचं बरोबर होतं. तिरका अडकलेला बर्गा उंच बाजूने आधी खाली दाबून सरळ करावा लागतो. हे मी शिकलेले होते, तरुण अभियंत्यांना शिकवलंही होतं, आणि त्या घटकेला मला आठवलं नव्हतं. मी उंच कोपरा दाखवला, गजाननभाऊंनी घण घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला प्लेट करकरली आणि सरळ झाली. "आता ओढा," मी म्हटलं, आणि दोरीला हात लावायला एक माणूस कमी पडतोय असं वाटून मीही दोरी धरली. साठी उलटलेल्या बाईने असं करू नये. पण केलं. पुढे इंदुबाई, मागे मी, माझ्यामागे नंदूभाऊ, त्यांच्यामागे किती ते पाहिलं नाही. प्लेट सुटली तशी आम्ही सगळे मागच्या मागे बसलो. माझा चष्मा नाकावरून उडाला आणि पाण्यात गेला.

नंतरच्या तीन प्लेटा भराभर निघाल्या असं ऐकलं. मला दिसलं नाही. मला फक्त आवाज ऐकू आला. आठव्या गाळ्यातून पाणी सुटल्याचा, आणि मग काठावरच्या माणसांचं बोलणं हळूहळू नेहमीच्या आवाजात आल्याचा.

इंदुबाईंच्या शेतातल्या कपाशीच्या दोन ओळी गेल्या. बाकीचं शेत राहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी गजाननभाऊंना चहा दिला, पण साखर घातली नाही.

तिसरा दिवस

सकाळी नाला रिकामा होता. तळाला चिखल, मधून घोट्याएवढी धार, आणि काठावर बत्तीस प्लेटा वाळत टाकलेल्या. एवढं मला चष्म्याशिवायही दिसलं, आणि त्याचा फोटो मात्र मी काढला.

गजाननभाऊ आले. फाटलेला सदरा बदलून आले होते, हार आणला नव्हता.

"आता दाखवाले कायीच राह्यलं नाई, मॅडम."

मी त्यांना बोलायचं ते बोलले. पाहुण्याला खूश करायला एका बाईचं शेत पणाला लावलंत, हे फसवणुकीपेक्षा वाईट आहे, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "खरं हाय. इंदुबाईच्या पाया पडलो काल. दोन ओयीचा कापूस माह्या शेतातून देईन. पन गावाचा अर्ज माह्यापायी फाडू नका."

तेव्हा मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली, जी सांगायला मला जास्त जड गेलं. आमच्या पुण्याच्या मसुद्यात एक कलम होतं, आणि ते मीच लिहिलेलं होतं. सगळे बर्गे एका कुलूपबंद गोदामात ठेवायचे आणि ते घालण्या-काढण्याचं काम ठेकेदाराकडे द्यायचं. व्यवस्था चोख राहावी म्हणून. काल दुपारी दोन वाजता तो ठेकेदार तालुक्याला, महागावला असता आणि गोदामाची चावी त्याच्या खिशात. इथे एकतीस घरं पंधरा मिनिटांत आली. अडली ती एकच प्लेट, जिला घर नव्हतं.

"हे कलम मी काढून टाकणार आहे," मी म्हटलं. "आणि दुसरं घालणार आहे, की प्लेटा कधी बसवायच्या हे तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही. डाव्या काठावरच्या शेताची मालकीण हो म्हणेल तेव्हाच."

गजाननभाऊंनी मान डोलावली. "म्हंजे इंदुबाईले इचारूनच," ते म्हणाले. "ते तं पहिलेच कराले पाह्यजे होतं."

निघताना इंदुबाईंनी मला ओसरीवर बसवलं. भिंतीला २९ नंबरच्या जोडीला दुसरी एक प्लेट टेकलेली होती. बत्तीस नंबरची, घणाने कोपरा चेपलेली. त्यांनी तिला हळदीकुंकू लावलं, मग मला लावलं.

"बत्तीस नंबरच्या पुन्यावाल्याले फोन केलता," त्या म्हणाल्या. "तो म्हने आता आमचं येनं होत नाई, कोनाले द्याची त्याले द्या. मंग मी म्हनलं, पुन्याची प्लेट पुन्यालेच जाऊ द्या. हे तुमची. राहीन माह्या घरी, पन तुमची."

मी हसले. मला वाटलं, सत्काराची ही त्यांची पद्धत असेल. शाल-श्रीफळापेक्षा बरी. मी हो म्हटलं.

नांदेडपर्यंत नंदूभाऊंनी मला रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवल्या, मैलाच्या दगडांसकट. त्यांच्या आईचे गुडघे ठणकायचे थांबले होते.

पुणे

गुंतवणूकदारांची बैठक दसऱ्यानंतर तीन दिवसांनी झाली. जुन्या चष्म्याने मी अहवाल वाचला. एकाने विचारलं, "फोटोत पाणी कुठे आहे?" मी म्हटलं, "नाही. म्हणूनच पैसे घाला." मग सगळी हकिगत सांगितली. आपण आजवर पाणी पाहून गुंतवणूक करत आलो, पाणी एका सरीनेही भरतं. पाहायचं असतं ते भोंगा वाजल्यावर किती माणसं धावत येतात हे. खर्चात डाव्या काठाची भिंत पहिली आणि पंप नंतर, हेही सांगितलं. असे बंधारे या एका जिल्ह्यात किती असतील आणि अशी गावं किती, याचा शोध घेणं हीच आपली पुढची कित्येक वर्षांची संधी आहे, याची माझी पूर्ण खात्री आहे, आणि ती मी मोठ्या आवाजात सांगितली.

आमचे वकील हुशार आहेत. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "बाई, या योजनेत तुमचा वैयक्तिक हितसंबंध काही?"

मी 'नाही' म्हणणार होते. मग अहवालाच्या शेवटच्या पानावर हाताने लिहिलं, या बंधाऱ्यातली एक प्लेट माझ्या नावावर आहे. खोली हसली. योजना मंजूर झाली.

आज सकाळी, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, फोन आला. इंदुबाई होत्या.

"बाई, नवमीले पुजा झाली. तुमच्या प्लेटीचीबी केली. नाला निवळला, काल मीच हो म्हनलं, प्लेटा टाकल्या सगळ्याइनं."

"छान झालं."

"तुमची राह्यली."

मला आधी कळलं नाही. "इंदुबाई, ती गजाननभाऊंना बसवायला सांगा की."



"दुसऱ्याची प्लेट कोनी टाकत नाई," त्या म्हणाल्या. "एकदा टाकली, पाह्यलं ना काय झालं. पानी अजून दोन प्लेटा खाली हाय. चार रोज लागतीन तुमच्या जागेपर्यंत चढाले. मंग तिथून वाहीन."

पस्तीस वर्षांत मी बंधाऱ्यांचे नकाशे काढले, मापं तपासली, चौकशा केल्या. एकही बर्गा स्वतःच्या हाताने जागी बसवला नव्हता. हे माझ्या कुणी लक्षात आणून दिलं नव्हतं आणि माझ्याही आलं नव्हतं.

नवा चष्मा परवा मिळणार आहे, त्यासाठी थांबत नाही. उद्याच्या नांदेड गाडीचं तिकीट काढलं. बुधवार पेठेतून बारा फूट रबराची पट्टी आणि वंगणाचा डबा आणून पिशवीत ठेवला आहे.